सडक्या बाजरीचं अर्पण

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई लिडियाबाई, देवाशी भांडतात. खोटं नाही सांगत! सकाळी चूल पेटवताना त्यांची प्रार्थना ऐकली, तर वाटेल सख्ख्या भावालाच झापतायत. अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलं. सायमनमामा, त्यांचे मालक, म्हणजे माझे सासरे, तिकडेच वारले; माती तेवढी गावी आणून दिली. पण गावाकडच्या रानात घरचं बी राखून बाजरी पेरायची, हे त्यांनी कधी सोडलं नाही.

यंदा आमच्या शेवगावकडं पाऊस असा कोसळला की विचारू नका. आम्ही दुष्काळातली माणसं. पाऊस दे म्हणून उपास धरणारी. आता थांबव म्हणायची वेळ आली, तर कुणाला शब्दच सुचेनात. चर्चच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी असलेल्या आमच्या रानात तर पाणी तुंबून राहिलं. बाजरीच्या कणसांना उभ्या ताटांवर मोड फुटले, कणसं काळी पडली, घाण वास सुटला.

त्यात आला सुगीचा सण. आम्हा ख्रिस्ती घरांत रीत अशी, की रानातलं पहिलं पीक चर्चमध्ये वेदीपुढं ठेवायचं. यंदा ठेवायला होतं काय, कपाळ! पण आमच्या चर्चचे पंच यशयाकाका, म्हणजे आत्याबाईंचे धाकटे दीर, त्यांनी फर्मान काढलं, “बाजारातनं आना, पन वेदी भरल्याली दिसली पायजे.” झालं! कुणी सफरचंदं आणली, कुणी फ्लॉवर. एकानं तर अननस आणला. मीही गुपचूप द्राक्षं घेऊन गेले.

आत्याबाई आल्या त्या सडक्या कणसांची पाटी डोक्यावर घेऊन. यशयाकाका दारातच आडवे झाले.

“वहिनी, देवाम्होरं सडकं ठेवत्यात व्हय? भायेर ठिवा ते.”

“माज्या रानात ह्येच पिकलं. तुज्या रानात अननस पिकला का रं?”

मागं लोक फिदीफिदी हसले. काका भडकले. “मंडळीतनं नाव काढीन, सांगून ठिवतो!”

जिथं यांचा बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, सायमनमामांना माती मिळाली, ती चर्चची मंडळी या वयात तुटली तर ही बाई जाणार कुठं? मी पदर ओढला. “आत्याबाई, चला ना घरी.”

“गप गं!” म्हणाल्या, काकांना कोपरानं बाजूला सारलं आणि थेट वेदीशी गेल्या. आत पाळकसाहेबांचा उपदेश चालू होता, की ही अतिवृष्टी म्हणजे देवानं घेतलेली परीक्षा. आत्याबाईंनी पाटी अननसाशेजारी ठेवली, गुडघे टेकले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली.

“देवा, ह्यो तुजा कोप न्हाई. हे उगं तुज्यावर आळ घेत्यात. आभाळ बिघडलं ते मानसांच्या धुरानं. आन माजं रान बुडालं ते ह्या चर्चच्या भिंतीनं. गाड्या लावायला आमी ओढा बुजवला, आडवी भिंत घातली, आन तुज्या नावानं फीत कापली. पानी जानार कुठं? ही घे आमची सुगी. बघ, वास घे, आन आमाला माफ कर.”

मला रडू फुटलं. आणि खरं सांगते, अभिमानही लई वाटला.

आत्याबाई उठल्या त्या बाहेरच गेल्या. कोपऱ्यात पडलेली पहार उचलली आणि ओढ्यातल्या भिंतीकडं चालू लागल्या. आम्ही सगळे मागं. काका तर धावतच सुटले.

“वहिनी, येड लागलं का? ह्या भिंतीवर सायमनदादाचं नाव कोरलंय! तुमीच पैसं दिल्यात तिला!”

“ठावं हाय. ऊस तोडून दिल्यात. म्हनून तर पयला घाव माजा,” आत्याबाई म्हणाल्या, आणि पहार सायमनमामांच्या नावावरच घातली.