तळ्याकाठची तीन नंबरची केबिन

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात, कापणीच्या मशीनवर तिला बावीस वर्षं झाली होती. दोघी बहिणींत ती मोठी, म्हणून घरात सगळे तिला थोरली म्हणत. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची, आणि धाकट्या बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलीवर, पिटुकलीवर, जीव टाकायची.

कारखान्यात दिवसभर मशीन धडधडायचं. तिथे कुणालाच काही ऐकू यायचं नाही. बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या, बोटांनी खुणा करायच्या, आणि मोठमोठ्या गप्पा एकही शब्द कानावर न पडता रंगायच्या. त्यामुळे थोरलीला कमी ऐकू येऊ लागलं तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिच्याही नाही. एके सकाळी ती ओट्याकडे पाठ करून भाजी चिरत बसली होती. जळका वास आला म्हणून वळली, तर शिट्टीची किटली पार कोरडी पडून काळीठिक्कर झालेली. किटली किती वेळ बोंबलत होती, देव जाणे. त्यानंतर पुढची दोन वर्षं ती ओट्याकडे तोंड करूनच भाजी चिरायची.

तिने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. समोरच्याचं तोंड दिसलं की भागायचं, नाही दिसलं तर ‘हो हो, चालेल’ म्हणून वेळ मारून न्यायची. कधी ‘ध’चा ‘मा’ व्हायचा. धाकटी एकदा पिटुकलीकडे बोट दाखवून म्हणाली, “हिला पोहायला शिकव ना गं,” तर थोरली म्हणाली, “पाहायला काय शिकवायचं, डोळे आहेत की तिला!” सगळे हसले. तीही हसली.

सुट्टी जवळ आली तशी धाकटी पिटुकलीला आणि एक कागद घेऊन आली. धाकटी दवाखान्यात नर्स होती, तिचा नवरा ट्रक चालवायचा.

“ताई, जंगलातल्या तळ्याकाठी लाकडी केबिन भाड्याने देतात. हिच्या वर्गातली अर्धी मुलं जाऊन आलीत. चार दिवस जाऊ या. मला मात्र शेवटच्या दोन दिवसांचीच रजा मिळतेय, आणि यांची तर गाडी तेव्हा लांबच्या फेरीवर. पहिले दोन दिवस तू आणि ही. चालेल ना?”

हे मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी तोंडातून तेच गेलं, “हो हो, चालेल.”

पिटुकलीने लगेच यादी करायला घेतली. टॉर्च, डासांचं मलम, जाड पांघरुणं, दोरी. सगळ्यात वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत, ‘मावशी’.

केबिन ठरवायचं काम थोरलीकडे आलं. तिने मनाशी पक्कं केलं होतं की केबिन पाण्यापासून होईल तितकी लांबची घ्यायची. तिने फोन लावला, चांगल्या कानाला घट्ट दाबून धरला. पलीकडे कॅम्पचा माणूस भरभर बोलत होता. तिला सुट्टे शब्द मिळाले. झाडं, उरली, आंघोळीची सोय. मध्येच तो काहीतरी विचारून थांबला.

“हो हो, चालेल,” ती म्हणाली.

चार दिवसांनी पत्र आलं. केबिन नंबर तीन. पाण्याला लागून. दारापासून काठ अकरा पावलं. सोबत छोटा नकाशा होता, त्यात तळं निळ्या रंगाने भरलं होतं आणि तीन नंबरचा चौकोन त्या निळ्याला जवळजवळ चिकटलेला.

थोरलीने पत्र पुन्हा वाचलं. मग गजराचं घड्याळ काढलं. गजर लावून ते टेबलावर ठेवलं आणि एकेक पाऊल मागे सरत गेली. चौथ्या पावलावर ऐकू येत होतं. सातव्यावर नुसती कुणकुण. आठव्यावर घड्याळ मुकं झालं. घड्याळावरचा हातोडा मात्र थडथड हलताना दिसत होता. तिने ते तीनदा करून पाहिलं. सातच्या पुढे जाईना.

सात आणि अकरा. हे दोन आकडे तिच्या डोक्यात मशीनसारखे आपटू लागले. मधल्या चार पावलांत पोरगी ओरडली तर? पाण्यात बुडणारं माणूस ओरडतं तरी किती वेळा? मशीनवर पुठ्ठा सरकवताना तिचं लक्ष उडालं, कोपरा तिरका कापला गेला, मुकादम येऊन तिच्यासमोर ओठ हलवून गेला. तिने यादीतली दोरी वाढवली. पिटुकलीच्या कमरेला बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधायचं, असा बेत केला. मग वाटलं, सहा वर्षांची पोर म्हणजे काय वासरू आहे? आणि ‘का बांधतेस?’ असं तिने विचारलं तर काय सांगायचं?

नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हटलं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की धाकटी पोरीला पुन्हा कधी एकटीला तिच्याकडे सोडणार नाही. कारखान्यात कळलं तर मशीनही जाईल. पण मशीनचं भय दुसरं होतं. पहिलं भय पिटुकलीचं.

जायच्या आदल्या रविवारी धाकटी म्हणाली, “सकाळी जाऊन जागा बघून येऊ. तासाभराचा तर रस्ता.”

तिघी गेल्या. उंच झाडं, खाली वाळक्या पानांचा थर, आणि त्यामधून एकदम समोर आलेलं तळं. पाणी गडद, हलत नव्हतं. धाकटी ऑफिसात चौकशीला गेली. जाताना म्हणाली, “जरा बघ हं हिच्याकडे.”

थोरलीने तीन नंबरच्या दारापासून पावलं मोजली. पत्रात लिहिलं होतं तशी बरोबर अकरा. ती काठावर उभी राहून पाण्यात खोली किती असेल ते बघू लागली. पिटुकली तिच्या मागेच होती. म्हणजे तिला तसं वाटत होतं.

काहीतरी वाटलं म्हणून तिने मान वळवली, तर धाकटी जिवाच्या आकांताने पळत येत होती. तिचं तोंड उघडं होतं. थोरलीने ओठ वाचले. ‘ताई! ताई! तिकडे बघ!’

उजवीकडे, लव्हाळ्याच्या पलीकडे, पिटुकली कमरेपर्यंत चिखलात रुतली होती. तोंड लालबुंद, गाल ओले. ओठांवर एकच शब्द, पुन्हा पुन्हा. मावशी.

थोरली कशी गेली ते तिला आठवत नाही. चिखलात गुडघे टेकून तिने पोरीला दोन्ही काखांत धरून ओढून काढलं. एक बूट आत राहिला. एवढंच झालं. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता.

धाकटीने थोरलीचा दंड धरून तिला आपल्याकडे वळवलं. “ती केव्हाची बोंबलत होती! मी ऑफिसातून ऐकलं, आणि तू दहा पावलांवर ढिम्म उभी! काय झालंय काय तुला?”

थोरलीने तोंड उघडलं. ‘लक्ष नव्हतं’ हे जिभेवर तयार होतं. पोरीचं थंड, चिखलाने माखलेलं अंग तिच्या अंगाला चिकटून हुंदके देत होतं.

“मला ऐकू येत नाही गं,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. सात पावलांपुढचं काहीच नाही.”

धाकटी तिथेच, ओल्या पानांवर, मटकन बसली.

“मी जिन्यातून हाका मारायचे, तू वळायची नाहीस,” ती म्हणाली. थोरलीला दिसावं म्हणून तिने तोंड वर केलं होतं. “मला वाटायचं माझ्यावर रागावलीस. यांना म्हटलंसुद्धा, ताई आता पहिल्यासारखी राहिली नाही.”

“रागावेन कशाला? घाबरले होते.”

“मग बोलायचं नाही का, वेडे!”

पुढच्या आठवड्यात धाकटीनेच तिला दवाखान्यात नेलं. एका कानाचं फार काही होणार नाही, दुसऱ्याला यंत्र लावता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. कारखान्यात तिने स्वतःहून सांगितलं. मुकादमाने तिला मशीनवरून काढून पुठ्ठे तपासायच्या टेबलावर बसवलं. तिला ते लागलं, दोन दिवस जेवण गेलं नाही. सहल महिनाभर पुढे ढकलली, धाकटीला चारही दिवसांची रजा मिळेल अशी. केबिन मात्र तीच राहिली, कारण पिटुकली ऐकेना.

यंत्र लावून थोरली तिथे पोचली तेव्हा जंगल तिच्यावर तुटून पडलं. पानं, पाखरं, काठावर आपटणारं पाणी, सगळं एकाच आवाजात. कुठला आवाज कुठून येतोय हेच कळेना. ऐकू येत नव्हतं तेव्हापेक्षाही तिला जास्त भीती वाटली. पिटुकली गुडघाभर पाण्यात खेळत होती आणि थोरली काठावर, डोळ्यांची पापणीही न लववता बसली होती.

धाकटी उठली. “चहा टाकते. तू बघतेस ना हिच्याकडे?”

थोरलीने मान हलवली. “नको. तू बस इथे. चहा मी टाकते.”

धाकटी पुन्हा खाली बसली.