चंद्र पाहून सांगणारा

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याची बायको संकष्टी चतुर्थीचा उपास धरायची. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पण तिचा त्यावर विश्वास नव्हता. मग हाच तलावाच्या उंच पाळीवर चढून चंद्र पाहून यायचा आणि अंगणातून ओरडायचा, "निंगाला, जेव आता." मग दोघं जेवायची.

ती वारली. आता तो माझ्या दारात येतो आणि आभाळाकडे तोंड करूनच सांगतो, "निंगाला, बाई."

"भाऊ, आम्ही बौद्ध लोक. मी कायले उपास धरू?"

"मालूम आहे," म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो. कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला घास जात नाही.

परवाच्या चतुर्थीला आभाळ गच्च भरलं होतं. माझी भांडी घासून झाली तरी तो पाळीवरच उभा होता. मी काठी टेकत वर गेले.

"दिसला मले. चला, जेवा."

"कोठी दिसला?"

मी बोट दाखवलं.

"तिकडं तर तो बुडते, बाई."

तो काही उतरला नाही. मी तरी किती थांबणार? घरी येऊन पडले. दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही.