पाच सेकंदांचा आवाज

माझी नणंद ओतिलिया रोमानियात, आमच्या याश शहरातल्या एका टॅक्सी कंपनीत एकोणीस वर्षं वायरलेसवर होती. फोनवर पत्ता घ्यायचा आणि जवळच्या गाडीला कळवायचा, हे तिचं काम. ‘बाई, तुम्ही रेडिओवर हव्या होतात,’ असं एकूणएक ड्रायव्हर म्हणायचा आणि गाडी काढून निघून जायचा. बोलून मोकळे झाले ते, भोगलं आम्ही.

मग लोक मोबाइलवरून टॅक्सी बोलवायला लागले आणि कंपनीने वायरलेसची खोलीच बंद केली. सेहेचाळिसाव्या वर्षी ओतिलियाने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, “मी जाहिरातींना आवाज देणार.”

बुखारेस्टला जाऊन तिने दोन दिवसांचा वर्ग केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, आवाज मधासारखा आहे, पण त्यात आमचा मोल्दाव्हिया प्रांत फार आहे. आमच्याकडे ‘चे’चा ‘शे’ होतो, तो म्हणे चालत नाही. झालं! महिनाभर ही दातांत बाटलीचं बूच धरून घरभर ‘चे, चे, चे’ करत फिरत होती.

सासूबाई वैतागल्या. “माझी भाषा चालत नाही होय गं तुला? माझं लोणचं बरं चालतं!”

रेकॉर्डिंगसाठी आमचंच कपाट ठरलं. त्यात आमचे हिवाळ्याचे कोट आणि मेंढीच्या कातड्याचा एक जुना अंगरखा. आवाज घुमत नाही म्हणे. ओतिलिया आत स्टुलावर माइक घेऊन बसायची, आणि मी बाहेर पहारेकरी. फ्रिजची घरघर नको म्हणून फ्रिज बंद. एकदा तो परत लावायचा राहिला आणि कोबीच्या पानांत भरायचा दोन किलो खिमा वाया गेला. माझा नवरा नेकुलाय दोन दिवस बहिणीशी बोलला नाही. खरं तर तो माझ्याशीही बोलला नाही, आणि माझा काय दोष होता ते मला अजून कळलेलं नाही.

पहिले सात महिने नुसते नमुने. ‘जरा वाचून पाठवा, ग्राहकाला अंदाज येईल.’ ही अख्खी जाहिरात वाचून पाठवायची, फुकट. पुढे उत्तर नाही की नकार नाही. दह्यासाठी आवाज फार तरुण ठरला, बँकेसाठी फार म्हातारा. तोच आवाज, त्याच आठवड्यात!

शेवटी एक खरं काम आलं. गादीची जाहिरात, एकच वाक्य: ‘पाठ टेका, बाकी आमच्यावर सोडा.’ दिग्दर्शक रारेश बुखारेस्टहून फोनवर सूचना द्यायचा. पोरगा असेल सत्तावीस वर्षांचा.

“छान, ओतिलियाबाई. आता जरा हसत म्हणा, पण हसू ऐकू यायला नको.”

तिने म्हटलं.

“आता मायेनं, पण आईसारखं नको.”

परत म्हटलं.

“झोप आल्यासारखं, पण ताजंतवानं.”

तेवढ्यात लिफ्टचा दरवाजा आदळला. परत. मग वरच्या मजल्यावर गाव्रिलकाकांनी भिंतीला भोकं पाडायला घेतली. मी धावत वर गेले, हातापाया पडले, तर म्हणतात, “दुपारी एक वाजता माणसाने स्वतःच्या घरात खिळासुद्धा ठोकायचा नाही?”

एकतिसाव्या खेपेला रारेश म्हणाला, “दुसरी खेप खरं तर बरी होती. तशीच म्हणाल?”

कपाटाचं दार धाडकन उघडलं. घामाने निथळलेली ओतिलिया कोटाच्या बाह्या बाजूला सारत बाहेर आली आणि वायरलेसवर ड्रायव्हरांना झापायची त्या वेगाने सुटली: “दुसरी बरी होती तर दुसरी घे की लेका! माणूस आहे मी! दीड तास मेंढीच्या वासात बसलेय, आणि तुला हसू पाहिजे पण ऐकू यायला नको? मग चित्र काढून पाठवू?” सगळे ‘चे’ परत ‘शे’ झाले होते.

मग रारेश सावधपणे म्हणाला, “बाई, हे सगळं पाच सेकंदांत बोललात. आणि शब्द न् शब्द कळला.”

गादी दुसऱ्याच कुणाला गेली. ओतिलियाला मात्र आठवड्याभरात औषधांच्या जाहिरातींचं शेपूट मिळालं, म्हणजे शेवटी पाच सेकंदांत म्हणायची सक्तीची सूचना. ‘हे औषध आहे. सोबतचं पत्रक काळजीपूर्वक वाचा. त्रास झाल्यास डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा.’ सर्दीचं, गुडघ्यांचं, पित्ताचं, शेपूट तेच. पण ती दर वेळी नव्याने म्हणते, आणि ‘चे’ जागच्या जागी.

पहिल्यांदा टीव्हीवर लागलं तेव्हा सासूबाईंनी शेजारणींना बोलावून बसवलं होतं. जाहिरात संपली तरी सगळ्या वाट बघत बसलेल्या.

“झालं?” सासूबाईंनी विचारलं. “एवढ्यासाठी मला वर्षभर डोकेदुखी? आणि कुणी मागे लागलं होतं का गं तुझ्या, एवढं पळत बोलायला?”

ओतिलियाने एक केलं. फुकट नमुने बंद. ‘आवाज ऐकायचाय? टीव्ही लावा,’ असं ती सांगते, आणि लोक ऐकतात. गेल्या वर्षी खोकल्याच्या एका औषधाची अख्खी जाहिरात तिला देतो म्हणाले होते. ती एका नटीला दिली. हिला शेपूट.

परवा दुपारी मी टोमॅटो चिरत होते, तेव्हा रारेशचा फोन आला. “बाई, पाचच्या ऐवजी चार सेकंदांत होईल का?”

“होईल,” ओतिलिया म्हणाली. “मध्ये श्वास घेते, तो सोडते. आणखी काही सोडू?”

“नाही, नाही. फक्त जरा प्रसन्न ठेवा.”

ती कपाटात शिरली. मी चाकू खाली ठेवला आणि फ्रिज बंद केला.