इठाबाईचं दार

भिंतीला गेरू लावायचा नाही, खिळा ठोकायचा नाही आणि विटांचं काहीही रचायचं नाही, असं मी नर्सबाईंना सांगत होतो. त्या माझं सगळं नीट ऐकून घेत होत्या आणि ऐकता ऐकता बादलीत गेरूच कालवत होत्या.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. इंजिनिअरने कागदावर काढलेलं जमिनीवर तसंच उभं राहतंय का, हे बघणारा माणूस म्हणजे ओव्हरसियर. मुळशीच्या तळ्याकाठचं ते क्वार्टर माझ्याच देखरेखीखाली झालं होतं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, वर मंगलोरी कौलं. मागच्या खोलीत नर्सबाईंनी राहायचं आणि पुढच्या खोलीत आसपासच्या वाड्यांतल्या बायकांची बाळंतपणं करायची, अशी योजना होती.

नर्सबाईंचं नाव कमलबाई, मिरजेला शिकलेल्या. एकट्याच राहत. भातकापणीच्या सुमाराला त्या रुजू झाल्या, पण हिवाळा सरत आला तरी पुढच्या खोलीत एकही बाळंतपण झालं नव्हतं. त्या वाड्या-वाड्यांवरून हिंडायच्या. बायका त्यांना बसवून घ्यायच्या, चहा द्यायच्या, निघताना पदरात पोहे बांधायच्या. बाळंतपणाचा विषय निघाला की मात्र सगळ्या गप्प.

मला खोलीत काही खोट दिसत नव्हती. पांढरीशुभ्र भिंत, सिमेंटची जमीन, लोखंडी खाट, टेबल, खुर्ची. हे सामान म्हणजे सरकारी भाषेत डेड स्टॉक. म्हणजे वापरून संपत नाही अशी वस्तू. प्रत्येकीवर रंगाने नंबर घातलेला असतो आणि ती जागची हलली तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

एकदा एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली होती. दोघी उंबऱ्यावरच थांबल्या. सुनेने त्या उंच खाटेकडे पाहिलं आणि सासूचा हात घट्ट धरला. सासू म्हणाली, "हितं नगं, बाई. हितं मानूस मरायला आनल्यावानी वाटतंया." दोघी परत गेल्या. पुढे त्या सुनेचं घरीच अडलं. कमलबाईंना निरोप गेला, त्या रान तुडवत पोचल्या, तोवर उशीर झाला होता. बाई वाचली, मूल गेलं.

दुसऱ्या दिवशी मी कौलं बघायला गेलो होतो, तेव्हा कमलबाई पुढच्या खोलीत नुसत्या बसून होत्या. मला म्हणाल्या, "खोली चांगली आहे हो. पण हे कुणाचं घर वाटत नाही."  त्याच सुमाराला वरून कळलं होतं की बायका येत नसतील तर नर्सची जागा दुसरीकडे हलवायची आणि इमारत गोदामाला द्यायची. डेप्युटी इंजिनिअर साहेब स्वतः पाहणीला येणार होते. म्हणून मी नियम सांगायला गेलो, आणि बघतो तर गेरू चाललेला.

त्यानंतर त्यांनी जे केलं, तसं मी नोकरीत पुन्हा पाहिलं नाही.

तीसेक वर्षांपूर्वी मुळशीचं धरण झालं तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्या घरांची लाकडं लोकांनी सोडवून वर आणली होती. नवी घरं लहान बांधली गेली. त्यामुळे कोरीव दारं, खांब, कोनाड्यांच्या चौकटी कित्येकांच्या गोठ्यांत तशाच पडून होत्या. कमलबाई त्या मागू लागल्या. कुणाकडून नक्षीची फळी आणली. ती कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्याने घासली, उन्हात वाळवली, तिला तेल पाजलं आणि भिंतीला लावून तिच्यावर औषधाच्या बाटल्या मांडल्या. मोडलेल्या पाळण्याचे दोन कातीव दांडे खिडकीला लावले आणि त्यांवर जुन्या इरकली लुगड्याचा पडदा सोडला. औषधांची देवदारी खोकी उलटी करून बसायला बुटकी स्टुलं केली. भिंतीच्या खालच्या भागाला गेरूचा पट्टा, त्यावर चुन्याची वेल. सगळं स्वतःच्या हाताने. करवत धरायला मी दाखवलं, पण दुसऱ्या फळीपासून माझी गरज उरली नाही.

राहिली खाट. ती त्यांना नको होती. जमिनीपासून वीतभर उंच, रुंद, लाकडी काहीतरी हवं होतं. तसं दार होतं इठाबाईकडे. इठाबाई म्हणजे त्या भागातली सुईण. तिच्या शब्दाबाहेर एकही बाळंतीण जात नसे, आणि दवाखान्याचं तिला वावडं. तिच्या गोठ्यात सागवानी दाराची एक रुंद फळी होती, तिच्यावर पेंढा रचलेला असे. कमलबाई तिच्याकडे तीनचारदा गेल्या. तिने नाही म्हटलं. शेवटी दार कशाला हवंय, असं तिने विचारलं. कमलबाईंनी खरं ते सांगितलं: त्यावर बाळंतिणी निजतील, आणि तुम्ही शेजारी बसलात तर मला हवंच आहे.  मग एका सकाळी दोन गडी ते दार डोक्यावर घेऊन उतारावरून आले.

माझ्याकडे बांधकामातून उरलेल्या विटा होत्या. मीच त्या रचून दिल्या. नियम मोडणाऱ्यांत आता मीही होतो. वर दार आडवं टाकलं, त्यावर गोधड्या, त्यावर रबरी चादर. लोखंडी खाट व्हरांड्यात गेली.

इठाबाई बघायला आली. फिरून सगळी खोली न्याहाळली. मग दारावर बसली, कडेच्या कोरलेल्या कमळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्याच दारातनं मी सून म्हनून आत आले व्हते. माजी चारी पोरं ह्याच्याच आड झाली." कमलबाई तिच्या शेजारी बसल्या. मी बाहेर गेलो.

साहेब आले त्या दिवशी मी जीपमधून त्यांच्याबरोबरच होतो. खुलासा काय द्यायचा, ते वाटभर मनात जुळवत होतो. व्हरांड्यात खाट बघूनच साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते खोलीच्या दाराकडे वळले तर उंबऱ्यात इठाबाई आडवी बसलेली.

"आत बाळंतीण हाय," ती म्हणाली. "बाप्यांचं काम न्हाई."

मी म्हणालो, हे मोठे साहेब आहेत, पुण्याहून आलेत. ती म्हणाली, मग खाटंवर बसा. साहेब बसले. आत होती ती घोटावड्याहून माहेरी आलेली इठाबाईचीच नात, पहिलटकरीण. आतून कमलबाईंचा आवाज येत होता, शांत, एका लयीत. मधूनच इठाबाई आत जायची. साहेबांनी घड्याळ बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली. निघू या असं मात्र म्हणाले नाहीत.

बाळ रडलं तेव्हा ते उठून उभे राहिले. कशाला, ते त्यांनाही माहीत नसावं.

बऱ्याच वेळाने कमलबाईंनी त्यांना उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं. साहेबांनी तिथूनच वेल पाहिली, पडदा पाहिला, ते दार पाहिलं. मला विचारलं, "हे दार डेड स्टॉकला घेतलंय का?" मी उत्तर द्यायच्या आत इठाबाई म्हणाली, "माजं हाय. सरकारचं न्हाई." साहेब म्हणाले, बरं. विटांबद्दल त्यांनी विचारलंच नाही.

गोदामाचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या पावसाळ्यात तळ्यापलीकडून होडीने बायका यायला लागल्या. बहुतेकींबरोबर इठाबाई असायची. कमलबाईंची बदली झाली तेव्हा नव्या नर्सबाईंना खोली तशीच्या तशी मिळाली.

मी पुढे बरीच क्वार्टर्स बांधली. ताब्यात देण्याआधी प्रत्येक खोलीत एकदा जमिनीवर बसून बघायचो. उभ्याने खोली चांगलीच दिसते. बसलं की कळतं, आपण खिडकी इतकी वर ठेवलीय की समोर नुसती भिंत आहे.