तो मुलगा कुणाबरोबर गेला?

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. नवरा बस चालवायचा. दहा वर्षांची दत्तक मुलगी एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून तो तिला ‘भिंगवालीची भिंगरी’ म्हणायचा. आपल्याला दुसऱ्या बाईने जन्म दिला, हे भिंगरीला लहानपणीच सांगून झालं होतं. त्यावर तिने कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

रविवारी तिघं सिनेमाला गेली. कौटुंबिक आहे एवढंच ऐकून गेली, आणि निघाली नेमकी दत्तक मुलाची गोष्ट. शेवटी तो मुलगा फलाटावर उभा. एकीकडे वाढवणारी आई, दुसरीकडे जन्म देणारी. गाडी येते, निघून जाते. फलाट रिकामा. सिनेमा संपला.

"तो कुणाबरोबर गेला?" बाहेर पडताना भिंगरीने विचारलं.

"घरी गेला," आई घाईने म्हणाली.

"कुठल्या घरी?"

नवऱ्याने लगेच आइस्क्रीमचा विषय काढला.

आईच्या जिवाला मात्र घोर लागला. भिंगरी जेवताना गप्प बसली की ही तिच्या ताटात उगाच आणखी वाढायची. "सिनेमाच तर होता," नवरा समजूत घालायचा, पण स्वतःही भात नुसता चिवडत बसायचा. दुकानात तिने एका गिऱ्हाइकाची उजवी काच डावीकडे बसवली.

"बाई, लक्ष कुठंय?" मालक म्हणाले. "माणूस जिन्यावरून पडेल."

त्या संध्याकाळी भिंगरीची वेणी घालताना तिने मन घट्ट केलं. "तुला काय वाटतं गं, कुणाबरोबर गेला असेल?"

"काय माहीत. त्या दोघी रडत होत्या. त्याला कुणी विचारलंच नाही." भिंगरीने रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी काही विचारलं तर तू रडशील?"

पेड हातातून सुटला. "रडेन कदाचित. तरी विचार."

"ती कशी दिसायची?"

"मी तिला पाहिलं नाही, बाळा. वयाने फार लहान होती म्हणे. तुला देण्याआधी बराच वेळ मांडीवर घेऊन बसली होती."

भिंगरी अजिबात हलली नाही. मग म्हणाली, "मोठी झाल्यावर शोधायचं तिला?"

"शोधू."

"तू येशील?"

"येईन."

भिंगरीने वळून पाहिलं. "रडतेयस तू."

"सांगितलं होतं ना."

नवरा आल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. तो खुर्चीवर टेकला. "आणि सापडली तर?" त्याने हळूच विचारलं.

ती त्याच्या शेजारी बसली. आतून भिंगरीने गणित अडल्याची हाक मारली, तशी दोघंही एकदमच उठली.