उपटायची सवय

माझ्या धाकट्या जावेला आमच्या इमारतीत सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात. कुणाच्या गॅलरीतली मिरची पिवळी पडली की कुंडी तिच्या दारात येते. ती पान उलटं करून बघते आणि बहुतेक वेळा एवढंच म्हणते, “पाणी कमी घाला हो. बुडवून मारताय बिचारीला.”

तिची आणि माझ्या दिरांची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी होती. वीसेक वर्षं दोघांनी ती चालवली. त्या धंद्यात एक गोष्ट पक्की होती. रोपाचं पान वळलं, आकसलं, की ते उपटायचं, पिशवीत कोंबायचं आणि लांब नेऊन टाकायचं. नाहीतर पांढरी माशी त्याचा रस पिऊन शेजारच्या रोपावर बसते आणि बघता बघता सगळा वाफा बोकड्यानं आखडतो. बोकड्या हा विषाणूचा रोग, त्याला औषध नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना वाक्य न तोडता धाकटीनं रोगट रोप उपटलेलं मी पाहिलंय. डोळ्यांच्या आधी तिच्या हाताला कळायचं.

तरी शेवटी बोकड्यानंच नर्सरी बंद पाडली. रोपं नेलेली माणसं आखडलेल्या फांद्या घेऊन परत यायला लागली. ती भांडत नसत, नुसती फांदी पुढं करत. तेच तिला सहन होईना.

मग गावाबाहेरच्या संशोधन केंद्रात तिला काम मिळालं. तिथल्या मॅडम वयानं तिच्या मुलीएवढ्या, म्हणून तिला काकू म्हणतात. त्यांनी टोमॅटोच्या जनुकात बदल केला होता. मला समजलं ते असं: विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. झाडाच्या पेशीतलंच सामान वापरून तो आपली पिल्लावळ वाढवतो. ते सामान कसं घडवायचं, हे जनुकात लिहिलेलं असतं. मॅडमनी त्या मजकुरातली थोडी अक्षरं कापून काढली. बाहेरचं काही घातलं नाही. झाडाचं काम चालावं आणि विषाणूचं अडावं, असा हिशेब.

“अडतं का ते बघायचं काम माझं,” धाकटी म्हणाली.

त्यासाठी तिला जाळीच्या खोलीत रोगट टोमॅटो जगवायचे होते, त्यांच्यावर पांढऱ्या माश्या पोसायच्या होत्या आणि त्या माश्या बदललेल्या आणि साध्या, दोन्ही रोपांवर सोडायच्या होत्या.

“भाऊजी, तुमच्या बायकोला आता रोग पाळायचा पगार मिळतो,” मी दिरांना चिडवलं.

“काही विचारू नका, वहिनी. परवा मला ताप आला तर म्हणते, कुठली माशी चावली ते नीट आठवा.”

मॅडमनी तिला शब्द दिला होता, “ही रोपं टिकली ना काकू, तर यांची पहिली नर्सरी तुम्हीच लावायची.” धाकटी हे सगळ्यांना हसत सांगायची, पण सांगताना पदर नीट करायची. तिच्या मनात काय होतं ते मला त्या पदरावरून कळायचं.

एका दुपारी ती चपलांसकट माझ्या स्वयंपाकघरात आली.

“ताई, घोळ झाला.”

साधी रोपं ठरल्याप्रमाणे आखडली होती. बदललेली हिरवीगार होती. त्यांच्यातल्या फक्त एका रोपाचं शेंड्याचं पान तिला वळलेलं दिसलं, आणि तिला भान आलं तेव्हा रोप उपटून झालं होतं, पिशवी केंद्रातल्या कचरा जाळायच्या भट्टीतही गेली होती.

“कुणी पाहिलं?”

“कुणीच नाही. पण मॅडमना सांगून आले.”

मला आमच्या शाळेतले एक गुरुजी आठवले. निकाल शंभर टक्के लागावा म्हणून ते कच्च्या मुलांना परीक्षेलाच बसवत नसत. पण ते मी बोलले नाही. तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

“काय म्हणाल्या मॅडम?”

“म्हणाल्या, काकू, त्या रिकाम्या जागेपुढं मी काय लिहू? आजारी लिहू की बरं लिहू? सगळं पहिल्यापासून करायचं म्हणाल्या. आणि मीच करायचं.”

“रागावल्या?”

“रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा दिला मला.”

भाऊजींनी त्या संध्याकाळी बाजारातून लोकरीचे जाड हातमोजे आणले, बोटं नसलेले, पिशवीसारखे. “आता उपटून दाखव,” म्हणाले. हे थट्टेत झालं, पण ती खरंच ते घालून कामाला गेली. नवी रोपं वाढली, माश्या सुटल्या आणि पुन्हा बदललेल्या ओळीतल्या एका रोपाचा शेंडा वळला.

“हात पाठीमागं बांधून उभी राहिले, ताई. वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी,” ती मला म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा बोकड्याला पाणी घातलं.”

“अगं, पण हे रोपही गेलं तर?”

“गेलं तर गेलं लिहितील. पण ते जाईपर्यंत मी थांबणार.”

रोप गेलं नाही. वळलेलं पान वळलेलंच राहिलं, पण त्याच्यावर आलेली नवी पानं सरळ फुटली. मॅडमनी तपासलं. खालच्या पानात विषाणू होता, वरच्या पानांत नावापुरता. रोगानं शिरकाव केला, पण त्याला पाय रोवता आले नाहीत. पहिलं रोपही असंच सावरलं असतं का, ते आता कुणालाच कळणार नाही. मात्र दुसऱ्यामुळे मॅडमना नवी गोष्ट कळली. तसं उघड्या शेतात, वेगळ्या विषाणूपुढं काय होतं ते अजून बघायचंय, आणि धाकटी ते बघणार आहे.

मागच्या आठवड्यात तिनं मला आणि भाऊजींना केंद्राच्या आवारातली बदललेल्या रोपांची नवी नर्सरी दाखवली. ट्रेमध्ये बोटभर रोपं, आणि दाराच्या खिळ्याला ते लोकरीचे हातमोजे.

“आता तरी काढ की ते,” भाऊजी म्हणाले.

“राहू देत. रोप बदललंय हो, हात माझा तोच आहे.”

बोलता बोलता ती एका ट्रेपाशी थबकली. एक पान किंचित वळलं होतं. हात पुढं गेला, रोपाशी थांबला. तिनं पान हलकेच उलटं करून पाहिलं, सोडलं आणि पुढच्या ट्रेकडं गेली.