व्हेरोनिका मावशीच्या विहिरीचं पाणी

व्हेरोनिका मावशीचं लग्न झालं नाही. बाप लवकर गेला, आई अंथरुणाला खिळली, आणि तिची सेवा करता करता हिचं वय निघून गेलं. पण आमच्या आळीतल्या प्रत्येक लग्नात तिचा मान पहिला. नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी तिच्याच विहिरीवरून वाजतगाजत न्यायचं, अशी रीत होती. त्या दिवशी ती ठेवणीतलं लाल लुगडं नेसायची, पहिला घडा स्वतः ओढायची आणि वर म्हणायची, "आळीतले सगळे नवरे माझ्या पान्यानं न्हाले. एकाची तरी बायको पळाली का?"

साल बावन्न. मे महिना. क्लेमेंटकाकांच्या फ्रान्सिसचं लग्न होतं. काकांची बाग आळीत सगळ्यात मोठी, आणि आवाज तिच्याहून मोठा. उन्हाळ्यात किनाऱ्याकडच्या विहिरी खारट होतात, म्हणून पाणी नेण्याआधी पाच जणांनी चाखायचं असतं. पाचवा मी, शाळेचा नवा मास्तर. पोरांना रोज खरं बोलायला शिकवणारा!

क्लेमेंटकाकांनी आधी चाखलं. सकाळी माझ्यासमोरच त्यांनी पेजेबरोबर खारवलेल्या माशाचे चार तुकडे हाणले होते. तोंड वेंगाडून ते म्हणाले, "खारं झालंय पानी."

मग चाखणाऱ्यांतल्या दुसऱ्यानं, प्लासिडनं, घोट घेतला, काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली. "हां, खारं लागतं खरं." तिसऱ्यानं तीच री ओढली. चौथ्यानं तर ओंजळ ओठाला लागण्याआधीच तोंड वाकडं केलं.

मग मी प्यालो. पाणी गोड होतं. लहानपणापासून पीत आलो तसंच गोड. मावशी घड्याला हात लावून माझ्याकडे बघत होती.

"बोला मास्तर," काका म्हणाले.

"जरा खारटच आहे," मी म्हणालो.

कुणी माझा गळा धरला नव्हता. नोकरी जाणार नव्हती. चार तोंडं एकीकडे आणि आपलं एकट्याचं दुसरीकडे, एवढ्यालाच मी भ्यालो. त्याहून लाजेची गोष्ट सांगतो: बोलून झाल्यावर क्षणभर मला खरंच वाटलं की आपलीच जीभ बिघडली असेल.

मावशीनं ओंजळ भरली. एक घोट घेतला, थांबली, पुन्हा एक घेतला. "हो रे," ती हळूच म्हणाली. "खारंच लागतंय. माझ्या कसं ध्यानात आलं नाही?"

वाजंत्री क्लेमेंटकाकांच्या विहिरीकडे वळली. त्यानंतर आळीतलं एकही लग्न मावशीच्या दारात आलं नाही. लाल लुगडं पेटीत गेलं. प्यायचं पाणीही ती काकांच्या विहिरीवरून डोक्यावर आणू लागली. आपल्या विहिरीचं पाणी ती फक्त पानवेलीला घालायची. खाऱ्या पाण्यावर पानवेल जगत नाही, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिची पानवेल हिरवीगार होती. शाळेत जाताना मी ती रोज बघायचो आणि मान खाली घालून पुढे जायचो.

पाच वर्षं हे पोटात ठेवलं. शेवटी देवळात जाऊन कुमसार केला, फादरांपुढे पापाची सगळी कबुली दिली. त्यांनी प्रार्थना सांगितल्या आणि म्हणाले, "आता हे तिला जाऊन सांग."

गेलो. मावशी नुकतीच पाणी घेऊन आली होती, दम लागला होता.

"मावशी, त्या दिवशी तुझं पाणी गोड होतं. मी खोटं बोललो."

तिनं डोक्यावरचा घडा खाली ठेवला. मग हसली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

"म्हातारीचं मन राखायला आलास होय?" ती म्हणाली. "राहू दे रे पीटर. पाच जनांनी चाखलं होतं. बाकीच्यांचं सोड, पन त्यात तू होतास. तू कशाला खोटं बोलशील?"

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि नुकत्याच आणलेल्या घड्यातून तांब्या भरून माझ्यापुढे धरला.

मी प्यालो. क्लेमेंटकाकांच्या विहिरीचं पाणी चांगलंच खारट होतं.

"गोड आहे ना?" तिनं विचारलं.

या पाण्यासाठी ती पाच वर्षं उन्हातान्हात पायपीट करत होती.

"गोड आहे," मी म्हणालो.